फळीकवकाची ओळख: लक्षण, लिंग आणि जाती

झाडाच्या खोडातून आडव्या फळीसारखे बाहेर येणारे आणि हाताला लाकडाइतके टणक लागणारे कवक म्हणजे फळीकवक. त्याच्या खालच्या अंगाला बहुधा बारीक छिद्रे असतात आणि त्यांतून बीजाणू गळतात. डोळ्यांना दिसते ते कवकाचे फळ, म्हणजे फलपिंड. कवकाचे शरीर लाकडाच्या आत कवकतंतूंच्या जाळ्याच्या रूपाने पसरलेले असते आणि लाकूड पचवून जगत असते. या कवकांची ओळख पटवणे हा वनशास्त्राचा आणि कवकशास्त्राचा विषय मानला जातो. पण ओळख पटते तेव्हा नेमके काय घडते, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी शतकानुशतके हाताळला आहे. खुणेवरून वस्तू कशी कळते? अनेक वस्तूंना एक नाव कोणत्या अधिकाराने दिले जाते? आणि ज्याला 'एक जीव' म्हणायचे, तो एक कशामुळे ठरतो? फळीकवकांच्या बाबतीत हे तिन्ही प्रश्न टाळता येत नाहीत, कारण इथे दिसणारे रूप फार कमी सांगते.

आदिलाबादचे रान

तेलंगणाच्या उत्तर टोकाचा आदिलाबाद जिल्हा आणि महाराष्ट्र यांच्यामधून पैनगंगा वाहते. पलीकडे यवतमाळ जिल्ह्यातले टिपेश्वर अभयारण्य आहे, अलीकडे जैनथ, बेला, तलमडगू हा मराठी बोलला जाणारा पट्टा. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे भाग आदिलाबादमधून निघून मराठी मुलखाला जोडले गेले, तरी रान दोन्हीकडे एकाच जातकुळीचे राहिले. हे शुष्क पानझडी जंगल आहे. साग प्रमुख, त्याच्या सोबतीला ऐन, धावडा, मोह, तेंदू, बिबळा, सालई, पळस आणि खैर. 2012 मध्ये व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झालेले कवाल हे याच पट्ट्यात येते. गोंड, कोलाम, परधान, नायकपोड, थोटी आणि आंध या जमाती या रानात पिढ्यानपिढ्या राहत आल्या आहेत.

या रानात कवकांचे वर्ष पावसावर ठरते. जून ते सप्टेंबर या काळात पडलेल्या ओंडक्यांवर पातळ, चिवट, चामड्यासारखी कवके येतात. पिक्नोपोरस सँग्विनियस हे शेंदरी-तांबड्या रंगाचे पातळ कवक त्यांत लांबूनही नजरेत भरते. हेक्सागोनियाची खालची बाजू मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरांची असते. शायझोफायलम कम्यून हे करडे, लोकरी, बोटाच्या पेराएवढे कवक जवळपास कोणत्याही वाळक्या फांदीवर सापडते. उन्हाळ्यात पारा 45 अंशांकडे सरकतो तेव्हा यांतली बरीच कवके सुकून वळतात किंवा किड्यांच्या पोटात जातात. टिकून राहतात ती लाकडी, बहुवर्षायू कवके, प्रामुख्याने फेलिनस आणि गॅनोडर्मा या प्रजातींतली. उभ्या झाडांवर वर्षभर दिसणारी फळी बहुधा यांचीच असते.

इथे सूचिपर्णी वृक्ष नाहीत, आणि ही गोष्ट ओळखीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. फळीकवकांचे आधुनिक शास्त्र बऱ्याच अंशी युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या पाइन, स्प्रूस, फर यांच्या जुन्या जंगलांत वाढले. त्या जंगलांत झाडांच्या जाती मोजक्या असतात, म्हणून झाड कोणते हे कळले की कवकाच्या शक्यता चटकन कमी होतात. भारतात हा अनुभव हिमालयातल्या देवदार, कैल, फर यांच्या वनांत येतो. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतले बी. के. बक्षी यांनी 1971 मध्ये 'इंडियन पॉलिपोरेसी' हा ग्रंथ दिला. हिमालयातल्या सूचिपर्णी वनांपासून सागाच्या रानांपर्यंत झाडांवर आणि इमारती लाकडावर येणाऱ्या कवकांची माहिती त्यामुळे एकत्र मिळू लागली. पण उत्तरेकडच्या थंड जंगलातल्या खुणा जशाच्या तशा दख्खनच्या पानझडी रानात आणल्या तर त्या फसतात. तपकिरी कूज, म्हणजे सेल्युलोज खाऊन लाकडाचे तपकिरी, चौकोनी भेगाळ तुकडे मागे ठेवणारी कूज, सूचिपर्णी लाकडात मुबलक आढळते. पानझडी रानातल्या रुंदपर्णी झाडांत प्राबल्य असते ते पांढऱ्या कुजीचे. ती लिग्निनही पचवते आणि लाकूड फिकट, तंतुमय, मऊ करून सोडते.

कवकाचे नाव त्याच्या झाडापासून किती दूर जाऊ शकते, याचे एक उदाहरण याच प्रदेशाच्या इतिहासात आहे. आदिलाबाद ज्या निजामाच्या राज्यात होते तिथे युनानी वैद्यकाला राजाश्रय होता. युनानी औषधांत 'गारीकून' हे जुने, नामांकित द्रव्य आहे. ते थंड प्रदेशातल्या लार्च या सूचिपर्णी वृक्षावर वाढणारे पांढरे फळीकवक असून पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस याने त्याचे वर्णन केले आहे. दख्खनमध्ये लार्च वाढत नाही. इथे त्या कवकाचे ज्ञान प्रत्यक्षाने कधीच होत नाही. होते ते ग्रंथाच्या आणि वैद्याच्या शब्दाने. शब्द हे प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, आहेच, पण बोलणारा आप्त, म्हणजे विषय जाणणारा आणि खरे सांगणारा, असला तरच. कवकांच्या बाबतीत हा नियम कसोशीने पाळावा लागतो.

लक्षण: कोणती खूण खरी

एखाद्या वस्तूला इतर सर्वांपासून वेगळे काढणारा धर्म म्हणजे लक्षण. सतराव्या शतकात आंध्रातल्या अन्नंभट्टाने लिहिलेला 'तर्कसंग्रह' आणि त्यावरची त्याचीच 'दीपिका' हे न्यायशास्त्राचे पहिले पाठ्यपुस्तक म्हणून आजही शिकवले जातात. त्या परंपरेत लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत. लक्षण ज्यांना लागू पडायला हवे त्यांतल्या काहींना लागू पडत नसेल तर ती अव्याप्ती. नको तिथेही लागू पडत असेल तर अतिव्याप्ती. कोणालाच लागू पडत नसेल तर असंभव. गायीचे लक्षण पिंगट रंग म्हटले तर पांढरी गाय सुटते. शिंगे म्हटले तर म्हैसही आत येते. एक खूर म्हटले तर एकही गाय उरत नाही. गळ्याखाली लोंबणारी पोळी हे मात्र निर्दोष लक्षण.

फळीकवकाच्या नेहमीच्या खुणा या कसोटीला लावल्या की त्यांची किंमत कळते. पहिली खूण रंग. कोवळ्या गॅनोडर्माची कड पांढरी-पिवळी असते, मग ते तांबूस-तपकिरी होते, जुने झाले की धूळ आणि शेवाळ बसून काळपट दिसते. रंग हेच लक्षण धरले तर एकाच कवकाची तीन वये तीन निराळ्या जाती ठरतात. ही अव्याप्ती. दुसरी खूण आकार. फळीसारखा किंवा खुरासारखा आकार परस्परांशी दूरचेही नाते नसलेल्या अनेक कवकांना येतो, कारण खोडाच्या उभ्या अंगावर राहून बीजाणू खाली मोकळ्या हवेत सोडायचे तर आडवी फळी हा सोयीचा घाट आहे. ही अतिव्याप्ती. आणि थंड प्रदेशातल्या पुस्तकातली 'स्प्रूसवर येते' ही खूण आदिलाबादच्या रानात लावली तर ती असंभवाच्या जवळ जाते.

म्हणून तपासणीला क्रम असतो. आधी झाड पाहायचे: कोणते, उभे की पडलेले, जिवंत की वाळलेले. मग जागा: बुंध्याशी, खोडाच्या मध्यावर की तुटक्या फांदीच्या घावाजवळ. सागाच्या गाभ्याचे लाकूड त्यातल्या रसायनांमुळे कुजीला दाद देत नाही, त्यामुळे वाळक्या सागावरची बरीच कवके बाहेरच्या फिकट लाकडावर पोसलेली असतात. सालईसारख्या मऊ लाकडाची गोष्ट वेगळी. यानंतर वरचे अंग: गुळगुळीत, केसाळ, भेगाळ की रोगण दिल्यासारखे चकचकीत. मग खालचे अंग: छिद्रे, पाकळ्या, चक्रव्यूहासारख्या भिंती की काहीच नाही. वरून फळीकवक भासणाऱ्या स्टेरियमचे खालचे अंग सपाट असते. शायझोफायलमला उभ्या चिरलेल्या पाकळ्या असतात. पिक्नोपोरसला बारीक गोल छिद्रे. एवढ्या तपासणीनेच पुष्कळ चुका टळतात.

खरी परीक्षा फलपिंड कापल्यावर सुरू होते. फेलिनसचा आतला गर गंजासारखा तपकिरी असतो. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचा थेंब टाकला की तो भाग काळा पडतो. हा गुण फेलिनस ज्या कुळात येते त्या सबंध कुळाची खूण आहे. गॅनोडर्माचे लक्षण त्याहून बारीक आहे. त्याचे बीजाणू तपकिरी असून दुहेरी भिंतीचे असतात, आणि एका टोकाला छाटल्यासारखे दिसतात. सूक्ष्मदर्शकाशिवाय ते कळत नाही, पण त्याची चाहूल उघड्या डोळ्यांना लागते. बुंध्याशी वाढलेल्या गॅनोडर्माच्या वरच्या अंगावर आणि शेजारच्या पानांवर कोकोच्या भुकटीसारखा तपकिरी थर बसलेला असतो. बीजाणू खालून गळतात, वाऱ्याच्या झोताने वर उचलले जातात आणि ज्या फळीने ते सोडले तिच्याच पाठीवर येऊन बसतात. चकाकी असो वा नसो, फळी लहान असो वा परातीएवढी, हे बीजाणू गॅनोडर्मातल्या सर्वांत सापडतात आणि बाहेरच्यांत सापडत नाहीत. ते या प्रजातीच्या गळ्याखालची पोळी होत. यातून एक मोठे सूत्र हाती येते: जे चटकन दिसते ते बहुधा लक्षण नसते, आणि लक्षणापर्यंत पोहोचायला वस्तूच्या आत जावे लागते.

लिंग: दिसते त्यावरून न दिसणारे

फळी हे कवकाचे फळ असेल, तर फळी पाहून लाकडातल्या कवकाविषयी बोलणे हे अनुमान ठरते. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे अग्नी आहे, हे न्यायशास्त्रातले अनुमानाचे आदर्श उदाहरण. धूर हे लिंग, अग्नी हे साध्य, आणि 'जिथे धूर तिथे अग्नी' ही व्याप्ती. फळीकवक हे असेच लिंग आहे. जिथे फळी तिथे आत कवकतंतू आहेत आणि लाकूड पचते आहे, ही व्याप्ती पक्की आहे, कारण अन्नावाचून फळ धरत नाही.

पण व्याप्ती उलटी करता येत नाही. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. नैयायिकांनी याचे कारण शोधले. अग्नीतून धूर निघायला ओले सरपण लागते. हे ओले सरपण म्हणजे उपाधी, अनुमानात लपून बसलेली अट. फळीकवकांच्या बाबतीत ही उपाधी शब्दशः ओलाव्याची आहे. खोडात कवक वर्षानुवर्षे राहू शकते. फळी धरायला पुरेशी ओल, बाहेर पडायला घाव किंवा फट, आणि जाळ्याजवळ पुरेसा साठा लागतो. मे महिन्यातल्या आदिलाबादच्या रानात एखाद्या धावड्यावर फळी दिसली नाही, यावरून तो आतून निरोगी आहे असे ठरत नाही.

दुसरी चूक याहून सर्रास घडते. फळी दिसली म्हणजे झाड मेले किंवा पडणार, असे मानून ते तोडले जाते. इथे हेतू, म्हणजेच लिंग, अनैकान्तिक आहे, म्हणजे साध्य असते तिथेही तो आढळतो आणि नसते तिथेही आढळतो. झाडाच्या गाभ्याचे लाकूड जिवंत झाडातही मृतच असते. पाणी वाहून नेण्याचे काम बाहेरचे कोवळे लाकूड करते. केवळ गाभा पचवणारे कवक असेल तर झाड आतून पोकळ होऊनही पुष्कळ वर्षे पालवत आणि फळत राहते. बुंध्याशी मुळे खाणारे गॅनोडर्मा असेल तर गोष्ट वेगळी, तिथे झाड उन्मळून पडण्याचा धोका खरा असतो. म्हणजे 'फळी आहे' एवढ्या ज्ञानावर झाडाचे भवितव्य ठरवणे हा हेत्वाभास, म्हणजे हेतूचा नुसता भास, आहे. कोणते कवक, कोणत्या भागात, किती पसरलेले, हे कळल्याशिवाय निष्कर्षाचा अधिकार मिळत नाही.

या पोकळ्यांवर रानातले केवढे जीवन उभे आहे, हेही या अनुमानाच्या विचारात आले पाहिजे. राखी धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेऊन अंडी उबवते. पिंगळे आणि पोपट ढोलीतच घरटी करतात. गाभा मऊ करणारे कवक नसेल तर कठीण लाकडाच्या झाडांत अशा जागा फारशा तयार होणार नाहीत. उपनिषदांनी अन्न आणि अन्न खाणारा यांचे जे अखंड चक्र सांगितले आहे, त्यात कवक हा खाणाराही आहे आणि दुसऱ्यांचा आश्रयदाताही. त्याला केवळ नाश करणारा म्हणणे हे अर्धेच पाहणे आहे.

जाती: एक नाव कोणत्या अधिकाराने

लक्षण आणि लिंग यांनी एक फलपिंड कळतो. पण 'हे गॅनोडर्मा आहे' असे म्हणताना त्याला त्याच्यासारख्या असंख्य फलपिंडांच्या रांगेत बसवले जाते. ही रांग वस्तूंतच असते की माणसाच्या मनात?

न्याय-वैशेषिक मताने जाती, म्हणजे अशा रांगेला एक करणारा समान धर्म, ही खरोखर असते. ती नित्य, एक आणि अनेकांत समवेत असते. मात्र प्रत्येक समान गुण म्हणजे जाती नव्हे, हे सांगण्याची दक्षता याच परंपरेने घेतली. उदयनाचार्यांनी जातीला बाध आणणारी सहा कारणे दिली. त्यांतले संकर हे कारण कवकांच्या वर्गीकरणाला नेमके लागू पडते. दोन धर्म काही ठिकाणी एकत्र राहतात, काही ठिकाणी पहिला एकटा असतो, काही ठिकाणी दुसरा एकटा असतो, आणि कोणताच दुसऱ्यात पूर्णपणे सामावत नाही, तर ते दोन्ही धर्म जाती होऊ शकत नाहीत. आता 'फळीचा आकार' आणि 'छिद्रे असणे' हे दोन धर्म घेतले तर गॅनोडर्मात ते एकत्र आहेत. स्टेरियममध्ये फळी आहे, छिद्रे नाहीत. लाकडावर पापुद्र्यासारखी पसरणाऱ्या कित्येक कवकांत छिद्रे आहेत, फळी नाही. हा उघड संकर आहे. म्हणून 'फळीकवक' ही जाती नाही. ते वर्णनाच्या सोयीचे नाव आहे.

कवकशास्त्राला हा निष्कर्ष आपल्या वाटेने, बऱ्याच उशिरा मिळाला. स्वीडनच्या एलियास फ्रीस याने 1821 पासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या महाग्रंथात खालच्या अंगाच्या आकारावर कवकांचे गट पाडले: छिद्रांची, पाकळ्यांची, दातांची, सपाट. शतकभर तीच व्यवस्था चालली. 1932 मध्ये ई. जे. एच. कॉर्नर यांनी फलपिंड ज्या तंतूंनी विणलेला असतो ते तंतूच तपासायला घेतले. सर्व फलपिंडांत जनक तंतू असतात. काहींत त्यांच्या जोडीला जाड भिंतीचे आधार तंतू असतात, आणि काहींत फांद्या फुटलेले बांधणारे तंतूही असतात. एक, दोन किंवा तीन प्रकारच्या तंतूंची ही वीण बाहेरच्या आकारापेक्षा अधिक भरवशाची ठरली. 1990 नंतर डीएनएच्या तुलनेने पुढचा टप्पा गाठला, आणि फळीचा आकार कवकांच्या वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे पुन्हा पुन्हा आल्याचे स्पष्ट झाले.

बौद्ध तर्काचे उत्तर यापेक्षा वेगळे आहे. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती यांच्या मते जाती नावाची वस्तू नाहीच. 'गाय' हा शब्द गाय नसलेल्या सर्वांना वगळतो, एवढेच त्याचे काम. हा अपोहवाद. कवके ओळखण्याच्या कोष्टकाची रचना नेमकी अशीच असते. खाली छिद्रे आहेत की नाहीत? नसतील तर हा अर्धा भाग बाद. गर तपकिरी आहे की पांढरा? पांढरा असेल तर फेलिनसचे कुळ बाद. बीजाणू दुहेरी भिंतीचे आहेत की नाहीत? नसतील तर गॅनोडर्मा बाद. शेवटी जे नाव उरते, ते इतर सर्व नाकारून उरते. रानातल्या आणि प्रयोगशाळेतल्या रोजच्या व्यवहाराचे वर्णन म्हणून अपोहवाद न्यायमतापेक्षा अधिक जवळचा वाटतो.

तरीही तो अपुरा पडतो. नुसते वगळत गेल्याने वेगवेगळ्या वंशांतली सारखी दिसणारी कवके एकाच घरात जाऊन बसू शकतात. 1781 मध्ये विल्यम कर्टिस यांनी इंग्लंडमधल्या नमुन्यावरून वर्णिलेल्या चकचकीत कवकाचे गॅनोडर्मा ल्युसिडम हे नाव पुढे जगभरच्या चकचकीत गॅनोडर्मांना दिले गेले. चीनमध्ये लागवड होणारे औषधी कवक त्याच नावाने विकले गेले. डीएनए पाहिल्यावर ते निराळ्या वंशाचे निघाले आणि 2012 मध्ये त्याला गॅनोडर्मा लिंगझी हे स्वतंत्र नाव मिळाले. भारतातल्या संग्रहांत ल्युसिडम म्हणून नोंदलेल्या नमुन्यांकडेही तेव्हापासून सावधपणे पाहावे लागते. इथे चूक उघड करायला वगळण्याची रीत पुरी पडत नाही. 'हे कोणापासून आले' हा प्रश्न विचारावा लागतो.

वंशाने ओळख ठरवण्याची रीत आदिलाबादच्या गोंड समाजात फार जुनी आहे. 1940 च्या दशकात इथे राहून अभ्यास केलेल्या क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी ती तपशिलाने नोंदवली. प्रत्येक गोंड चार, पाच, सहा किंवा सात देवांच्या सगांपैकी, म्हणजे कुळगटांपैकी, एकात जन्मतो, आणि सोयरीक आपल्या सगाबाहेर करायची असते. माणसाचा सगा चेहऱ्यावरून कळत नाही. तो वंशकथेवरून कळतो, आणि ती कथा किकरी या तंतुवाद्याच्या साथीने गाऊन जपण्याचे काम परधानांचे. इंद्रवेल्ली मंडलातल्या केसलापूरला पौष अमावास्येला भरणाऱ्या नागोबाच्या जत्रेत मेसराम कुळातल्या नव्या सुनांची देवाशी भेट घडवली जाते, तेव्हा त्या कुळाच्या म्हणून ओळखल्या जातात. सारखेपणा आणि नाते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तत्त्व या व्यवस्थेच्या मुळाशी आहे. कवकांचे आजचे वर्गीकरणही याच तत्त्वावर उभे आहे. या दृष्टीने कवकाची जाती नित्य नाही, कारण ती काळात जन्मते आणि संपते. ती मनाची कल्पनाही नाही, कारण वंश प्रत्यक्षात घडलेला असतो. जाती म्हणजे इतिहास, असे तिसरे उत्तर इथे समोर येते, आणि तेच सर्वांत टिकाऊ दिसते.

व्यक्ती: 'एक कवक' म्हणजे किती

जातीचा प्रश्न सुटला तरी व्यक्तीचा उरतो. एका मोहावर सात फळ्या असतील तर ती कवके सात की एक? एकाच जाळ्यातून त्या आल्या असतील तर एक. शेजारी शेजारी दोन जाळी असतील तर दोन. बाहेरून ते सांगता येत नाही. जाळ्याचा तुकडा वेगळा केला तर तो स्वतंत्र वाढतो, मग एकाचे दोन होतात. या कवकांच्या पेशींत दोन पालकांकडून आलेली दोन केंद्रके न मिसळता शेजारी शेजारी राहतात. फलपिंडात बीजाणू तयार होण्याच्या वेळी ती क्षणभर एक होतात. म्हणजे जाळ्याच्या सबंध आयुष्यात एका पेशीतही 'एक' सरळपणे सापडत नाही. सूचिपर्णी जंगलांत तर अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये आर्मिलेरिया या कवकाचे एकच जाळे सुमारे 965 हेक्टरांवर पसरलेले आढळले आहे. ते फळीकवक नाही, पण लाकडावर जगणाऱ्या कवकाची व्याप्ती केवढी असू शकते हे त्यावरून कळते.

भारतीय दर्शनांत या प्रश्नाला सर्वांत थेट भिडले ते जैन दर्शन. जैनथच्या प्राचीन मंदिराच्या घडणीत जैन वास्तुशैलीच्या खुणा दाखवल्या जातात, तेव्हा हा विचारही या प्रदेशाला परका नाही. जैन आगमांनी वनस्पतिकायाचे दोन भेद केले: प्रत्येक, म्हणजे एका शरीरात एक जीव, आणि साधारण, म्हणजे एका शरीरात अनंत जीव, ज्यांचा आहार आणि श्वास समाईक असतो. साधारण वनस्पतींना अनंतकाय म्हणतात, आणि त्यांच्या परंपरागत यादीत भूछत्रे येतात. म्हणूनच ती जैन आचारात वर्ज्य आहेत. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातही कवक अभक्ष्यांत गणले आहे, पण तिथे दृष्टी शुद्धाशुद्धतेची आहे, जैन विचारात ती हिंसेची आहे. आत्म्याविषयीचा जैन सिद्धान्त आणि केंद्रकांविषयीचे जीवशास्त्र ही दोन वेगळी ज्ञाने आहेत आणि एकाने दुसरे सिद्ध होत नाही. तरी एक शरीर म्हणजे एक जीव हे समीकरण सगळीकडे लागू नाही, हे ओळखून त्यासाठी वेगळा वर्ग करणे हे बारकाईच्या निरीक्षणाचे आणि गंभीर नैतिक जाणिवेचे लक्षण आहे. पाश्चात्त्य शास्त्रात कवके दीर्घकाळ वनस्पतींतच मोजली जात होती. रॉबर्ट व्हिटेकर यांनी 1969 मध्ये पाच सृष्टींची मांडणी केली, त्यानंतर त्यांची स्वतंत्र सृष्टी सर्वमान्य झाली.

ओळखीची जबाबदारी

नाव चुकले तर त्याचे परिणाम माणसांवर होतात. कोकणात आणि गोव्यात फणसाच्या खोडावर येणारे लाकडी कवक 'फणसांबा' म्हणून औषधात वापरतात. लहान मुलांचे तोंड आले किंवा जुलाब लागले की ते उगाळून देण्याची चाल आहे. अभ्यासकांना या एका नावाखाली फेलिनसच्या एकाहून अधिक जाती आढळल्या आहेत. गुण एका जातीचा सांगायचा आणि उगाळायचे दुसरीच, असे घडू शकते. औषधाच्या व्यवहारात म्हणूनच झाडाचे नाव, कवकाचे नाव आणि दोहोंचा पुरावा एकत्र लागतो. रानातून आणलेले अनोळखी कवक औषध म्हणून किंवा अन्न म्हणून घेण्याला केवळ नावाचा आधार कधीच पुरेसा नसतो.

दुसऱ्याला पटवण्यासाठी अनुमान मांडायचे तर न्यायशास्त्राने पाच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. फळीकवकाच्या ओळखीची मांडणी त्या चौकटीत अशी होते. प्रतिज्ञा: या ऐनाच्या बुंध्यावरचे कवक गॅनोडर्मा आहे. हेतू: त्याचे बीजाणू तपकिरी, दुहेरी भिंतीचे आणि एका टोकाला छाटलेले आहेत. उदाहरण: ज्याचे बीजाणू असे असतात ते गॅनोडर्मा असते, जसे संग्रहातला पडताळून ठेवलेला नमुना. उपनय: या कवकाचे बीजाणू तसेच आहेत. निगमन: म्हणून हे गॅनोडर्मा आहे. या मांडणीत प्रजाती ठरते, तिच्यातली जात ठरत नाही. त्यासाठी गराची वीण, छिद्रांचे माप आणि डीएनए असे आणखी हेतू लागतात, आणि ते मिळेपर्यंत 'गॅनोडर्मा, जात अनिश्चित' अशी नोंद करणे हाच प्रामाणिकपणा होय.

प्रतिज्ञेतले आणि निगमनातले वाक्य एकच असते, पण त्यांचे मोल सारखे नसते. पहिले केवळ मांडलेले असते, शेवटचे पुराव्याने कमावलेले असते. पहिल्या नजरेत सुचलेले नाव हे प्रतिज्ञेच्या जागचे आहे. झाड, जागा, वरचे अंग, खालचे अंग, गर आणि बीजाणू यांतून गेल्यावरच ते निगमनाच्या जागी बसते, आणि तिथेही नव्या हेतूपुढे ते दुरुस्तीला खुले राहते.

सजीवाला नाव देणाऱ्याने तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: कोणत्या लक्षणावरून नाव दिले, त्या लक्षणाची व्याप्ती कुठपर्यंत आहे, आणि पुढे काय सापडले तर ते मागे घ्यावे लागेल. आदिलाबादच्या रानातले फळीकवक असो की हिमालयातल्या देवदारावरचे, ओळखीचा हा धर्म दोन्हीकडे सारखाच आहे.